नख कुठे अडतं

"तुम्ही प्रेशरच्या पाण्याने धुता ना सायकल? मग पाणी आत शिरणारच, बाई."

दादा पुढे काउंटरवर बोलत होता आणि मी मागे पडद्याआड माझ्या बाकावर शॉकचं झाकण फिरवत होते. पडद्याच्या फटीतून सगळं दिसत होतं. समोर नर्सबाई उभ्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, हनुवटीवर खपली, आणि डाव्या हाताने सायकल धरलेली. डोंगरउतारावर त्यांचा पुढचा फोर्क खाली बसला तो वर आलाच नाही. बाई हँडलवरून पलीकडे गेल्या, हातावर पडल्या. मनगट मोडलं. ज्या हाताने पेशंटला उठवायचं, कूस बदलायची, तोच हात. तेव्हापासून घरी बसून होत्या.

एवढं होऊन त्या भांडायला आल्या नव्हत्या. सायकल बघा आणि माझं काय चुकलं ते सांगा, एवढंच म्हणत होत्या. आणि दादा त्यांना काय चुकलं ते सांगत होता. पाण्याचा फवारा, पुढचा ब्रेक जोरात दाबला असेल, वजन पुढे टाकलं असेल. लोण्यासारखा आवाज. बाई मान हलवत होत्या, शाळेतल्या मुलीसारख्या.

मला शिसारी आली. आपल्या माणसाची शिसारी येणं फार वाईट. परक्याची आली तर तोंड फिरवता येतं.

शिसारी हा माझा जन्माचा सोबती आहे, हे आधीच सांगून टाकते. माझं नाक कुत्र्याचं. पावाला बुरशी दिसायच्या आदल्या दिवशी मला कळतं. अशा माणसाने फुलांचं दुकान काढावं. मी डोंगरात फिरणाऱ्या सायकलींचे फोर्क आणि शॉक दुरुस्त करते. ज्याचं नाक तिखट त्याच्याच नशिबी उकिरडा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: या सायकलींच्या पुढच्या चाकाला जे दोन पाय धरून असतात तो फोर्क. वर दोन चकचकीत नळ्या, खाली दोन जाड पाय. नळ्या पायांत खालीवर होतात आणि दगडाचा दणका हातापर्यंत पोचू देत नाहीत. मागच्या चाकाचा दणका खाणारा एकच ठोंब्या असतो, तो शॉक. दोन्हींच्या आत हवा आणि तेल, आणि हवा-तेल बाहेर येऊ नये, माती आत जाऊ नये म्हणून रबरी सील. नवं तेल मधासारखं दिसतं. वर्षभर न उघडलेल्या फोर्कातून जे बाहेर पडतं त्याला तेल म्हणायला जीभ धजत नाही. शिळ्या दुधात चहाचा गाळ मिसळावा आणि त्यात ओलं फडकं आठवडाभर कुजवावं, तसं काहीतरी ट्रेमध्ये पडतं. तो वास केसांत बसतो, उशीत बसतो. वहिनीने माझी चप्पल जिन्याच्या वर कधी येऊ दिली नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

आणि गिऱ्हाइकं! एक तर असा की आम्ही त्याला चिखल्याच म्हणतो. सायकल कधी धुवून आणणार नाही. टायरच्या खाचेत कुत्र्याची घाण, हँडलच्या रबराला घाम नि चिकट खाऊ. वर म्हणतो, जरा लवकर करा, शनिवारी निघायचंय. जसं काही त्याची घाण काढायलाच आमचा जन्म झालाय.

तरी मी या कामात राहिले, कारण मला दादाने शिकवलं. लग्न मोडून परत आले तेव्हा बाकीचे नातेवाईक समजावत होते आणि दादाने काही न बोलता मला वरची स्वयंपाकघरामागची खोली दिली आणि खाली बाकाजवळ स्टूल दिलं. म्हणाला, बस, बघत राहा. बघताबघता हात शिकले. पुढे आम्ही काम वाटून घेतलं: मागचे शॉक माझे, पुढचे फोर्क त्याचे. शॉक लहान, किचकट, हवेने ठासून भरलेले. चुकीच्या क्रमाने उघडले तर झाकण कपाळात बसतं. ते मला आवडायचे. फोर्कात घाण जास्त, म्हणून ते दादा घ्यायचा. माझ्या नाकासाठी घेतो असं तो कधी म्हणाला नाही, पण मला माहीत होतं.

त्याने शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे नख. फोर्क उघडला की वरची नळी पुसायची आणि तिच्यावरून बोटाचं नख फिरवायचं, उभं, मग गोल. नख सुळकन गेलं तर नळी चांगली. कुठे अडलं तर तिथे ओरखडा किंवा टवका आहे, आणि त्या टवक्याने नवं सीलसुद्धा चिरत जाणार. नख फिरवताना नळीकडे बघायचं नाही, हा त्याचा नियम. खिडकीबाहेर बघायचं. "डोळे लबाड असतात," दादा म्हणायचा, "उजेडाला फसतात. बोट फसत नाही." खिडकीबाहेर बघत नळी चाचपणारा दादा पाहिला की मला वाटायचं, हा माणूस काहीतरी ऐकतोय. सील जागेवर बसलं की नाही तेही तो बोटाने सांगायचा. मी दिवा लावून, भिंग घेऊन तपासलं तरी निघायचं तेच.

तर नर्सबाई गेल्या. दादाने सायकल आत आणून माझ्या बाकाशी टेकवली, बघू दोन दिवसांत म्हणाला आणि जेवायला वर गेला. मी खाली बसले. फोर्कातून तेल गळतंय का एवढंच बघायचं होतं. चाकाच्या आसाजवळ, पायांच्या तळाला एकेक बोल्ट असतो. ते दोन बोल्ट काढल्याशिवाय फोर्क उघडूच शकत नाही. आमच्याकडे फोर्क बंद केला की बोल्टवरून पायावर रंगाची एक बारीक रेघ ओढतात. बोल्ट जरा जरी फिरला की रेघ तुटते आणि लांबून कळतं. पुढच्या वेळी उघडताना जुना रंग पुसायचा, नवा लावायचा, आणि दर वर्षी रंग बदलायचा. गेल्या वर्षी पिवळा होता. यंदा हिरवा.

नर्सबाईंचा फोर्क दादाने वसंतात केला होता. मला आठवत होतं, कारण त्या खुशीत येऊन घेऊन गेल्या होत्या आणि दादा म्हणाला होता, लोण्यासारखा चालतोय बघा.

रेघ पिवळी होती. अखंड.

मी चष्मा पुसला आणि परत बघितलं. रंगाचं काय, चुकून जुनी बाटली घेतली असेल. पण रेघेच्या कडेला मातीचा थर बसून घट्ट झाला होता, आणि तो काही एका मोसमाचा नव्हता. मी उठले आणि न्यायला तयार म्हणून टांगलेल्या सायकलींच्या खाली गेले. चिखल्याची सायकल: पिवळी रेघ. शेजारची निळी: पिवळी रेघ. पलीकडची तर आमच्याकडे पहिल्यांदाच आलेली, तिच्या बोल्टवर रेघच नाही. वरून मात्र सगळ्या नळ्या आरशासारख्या. पुसलेल्या, वर सिलिकॉनचा फवारा मारलेला. हँडल दाबलं की फोर्क दहा-वीसदा मऊ चालणार आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाणार. बाहेरून झकपक, आतून नरक.

तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली, आणि ती कळल्यावर मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. हिवाळ्यापासून दुकानात वास येत नव्हता. मी तर खूश होते. वाटलं, नव्या पंख्याने कमाल केली. दादाने तेव्हाच आमच्या दोन बाकांमधे पडदा लावून घेतला होता, रेडिओ मोठा ठेवायला लागला होता. म्हातारपणाची लहर, म्हटलं. वास येत नव्हता कारण पलीकडे कुणी काही उघडतच नव्हतं. एवढं मोठं नाक घेऊन मी बसले होते आणि न येणाऱ्या वासाचा अर्थ मला लागला नाही.

वर गेले तेव्हा दादा निम्मा जेवला होता. मी हात धुतले, परत धुतले. वहिनीने गॅसवरून उतरवलेलं पातेलं ओट्यावर ठेवलं, दादाने ते नुसत्या हाताने उचलून टेबलावर आणलं. वहिनी चटकन म्हणाली, "अहो, फडकं." त्याने पातेलं ठेवलं. बोटांच्या टोकांना जुने फोड होते, एक फुटलेला, त्याची साल तशीच लोंबत. त्याच बोटांनी तो जेवत होता. माझा घास तोंडात फिरायला लागला. निगरगट्ट झालाय हा माणूस, आतबाहेर, असं मनात आलं, आणि मी ताट सारून उठले.

वहिनी भांडी घासायला लागली तेव्हा मी तिला मोरीपाशी गाठलं. म्हटलं, वहिनी, हिवाळ्यापासून दादाने एकही फोर्क उघडलेला नाही. लोकांना फसवतोय. नर्सबाईंचा हात त्याने मोडला.

मला वाटलं ती कानावर हात ठेवेल, नाहीतर रडेल. तिने नळ मोठा केला. पाण्याच्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते, वन्सं. झाकलेलीच राहू द्या."

म्हणजे हिलाही ठाऊक होतं. दोघांची अळीमिळी गुपचिळी, आणि मी खाली बसून शॉकच्या कड्या मोजून बसवतेय. मला त्या घरातल्या भांड्यांचा, पडद्यांचा, माझ्या स्वतःच्या उशीचासुद्धा वीट आला. खोलीत गेले आणि खाटेखालची बॅग ओढून काढली. दोन साड्या, दोन पँटी, कामाचे कपडे, माझे पाने. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. पण जायच्या आधी तो फोर्क त्याच्यासमोर उघडायचा, त्याच्या नाकाखाली, हे ठरलं होतं. त्याला वास द्यायचा होता. ज्या वासापासून त्याने मला इतकी वर्षं वाचवलं, तोच.

दुपारी दादा खाली आला तेव्हा मी पडदा काढून ठेवला होता आणि नर्सबाईंचा फोर्क त्याच्या बाकावर, त्याच्या पकडीत आवळला होता. तो थबकला. मग रेडिओ लावला. मी बंद केला.

"तू हा वसंतात उघडला होतास?" मी विचारलं.

"उघडला होता," दादा म्हणाला.

चोराच्या उलट्या बोंबा असत्या तर मी निदान ओरडले असते. तो साधंच बोलला, वेळ विचारल्यावर सांगावी तसं. मी हवा सोडली, तळाचे बोल्ट सैल केले. पिवळी रेघ तुटली ती त्याने बघितली. हातोडीने दोन टोले, आणि खालचे पाय खेचून काढले.

आत जे होतं ते सांगायला नको. ट्रेमध्ये मातकट पाणी पडलं, त्याच्यावर तेलाचे डोळे. तेल मुरवून ठेवणाऱ्या स्पंजच्या कड्या काढल्या तर बोटात तुकडे तुकडे आले, लाळेसारखे. वास खोलीभर झाला. मला उमासा आला, तो मी गिळला आणि मुद्दामच ट्रे त्याच्याकडे सरकवला. दादा मागे सरला नाही. त्याने ट्रेकडे बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम पडला, जसं घरातलं कुणी आजारी निघावं. पण तेव्हा मला त्याच्या चेहऱ्याचीही किळस येत होती. आता तोंड पाडून काय उपयोग.

मी दोन्ही नळ्या पुसल्या आणि नख फिरवलं. उजव्या नळीवर, वरच्या टोकापासून हाताच्या रुंदीएवढ्या अंतरावर, नख अडलं. टवका. बाई पडल्या तेव्हा दगड लागला असणार. मग माझ्या मनात काय आलं कोण जाणे. कदाचित त्याला लाजवायचं होतं, शिष्याने गुरूला विचारावं तसं विचारून. पकडीतून फोर्क सोडवला आणि उजवी नळी त्याच्यासमोर धरली.

"नख फिरव," मी म्हटलं. "सांग."

दादाने हात पँटला पुसला. तर्जनी नळीवर ठेवली. खिडकीबाहेर बघितलं, रस्त्यापलीकडच्या भिंतीकडे, नेहमीसारखं. नख वरून खाली आलं. टवक्यावरून येताना ते ठेचकाळलं. मी डोळ्यांनी बघितलं. बोट जरासं उडालं आणि पुढे गेलं. दादाने परत फिरवलं, आता गोल. परत नख उडालं. तो भिंतीकडे बघत होता.

"साफ आहे," दादा म्हणाला.

पातेलं आठवलं. फोड आठवले. हिवाळ्यात त्याच्या बाकाखाली रोज सापडणाऱ्या बारीक कड्या आठवल्या, ज्या मी गोळा करताना त्याच्या गबाळेपणाला शिव्या घातल्या होत्या. वहिनी म्हणाली होती, मूठ झाकलेली राहू द्या.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला समजलं. नळीकडे नजर गेली. आता उजेडात टवका त्यालाही दिसला असणार, कारण त्याने बोट तिथून चटका बसल्यासारखं उचललं. चटका त्याला बसत नव्हता, तरी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"हिवाळ्यापासून. आधी टोकं गेली. आता पेरापर्यंत काही नाही." तो स्टुलावर बसला. "साखरेने नसा जातात म्हणे. डॉक्टर म्हणाला, आहे ते टिकवा."

मग त्याने सांगितलं, तुटक तुटक. हिवाळ्यात एक फोर्क बंद करताना सील दुमडलं. बोटाला कळलं नाही. त्याच्या मते बसलं होतं. आठवड्यात सायकल परत आली, सगळं तेल बाहेर. दुसऱ्याही फोर्काचं तेच. ते दोन्ही त्याने मला न कळता बाहेरून दुसऱ्याकडून करून घेतले. त्यानंतर फोर्क समोर आला की त्याला घाम फुटायचा. आणि मग त्याने मनाशी जे ठरवलं, ते त्याने मला अगदी सरळ तोंडाने सांगितलं: मी उघडला तर बिघडणार हे नक्की. न उघडला तर निदान आहे तसा राहील. म्हणून वरून पुसून द्यायला लागलो.

आहे तसा! ट्रेमधली घाण समोर होती. माझा राग परत उसळला. म्हटलं, न उघडलेला फोर्क आहे तसा राहत नाही हे तूच मला शिकवलंस. मला का नाही सांगितलंस? मी उघडले असते की सगळे. नाक दाबून उघडले असते.

"हात दाखवून अवलक्षण कशाला," दादा म्हणाला. "अगं, तू रोज मला विचारायचीस. दादा, हे बसलं का बघ. दादा, नख लावून सांग. मी नाही कसं म्हणणार होतो?"

हे खरं होतं. मी अजूनही विचारत होते. गेल्या महिन्यातसुद्धा विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, बसलंय. मी भिंगाने बघितलंच होतं म्हणून निभावलं.

"आणि बाईंचा हात?" मी म्हटलं.

तो ट्रेकडे बघत बसला. मग उठला, नळी उचलली, ती पुसलेली असली तरी वरून ओघळलेलं काळं पाणी तिच्यावर परत आलं होतं. मला वाटलं पुसायला घेतोय. त्याने ती तोंडाशी नेली. खालच्या ओठावर आडवी टेकवली, डोळे मिटले आणि हळूहळू ओठावरून सरकवायला लागला. तो वास, ते पाणी, त्याच्या ओठावर. मी ओरडणार होते, अरे काय करतोस. पण त्याचा चेहरा खिडकीबाहेर बघतानाच्या चेहऱ्यासारखा झाला होता. ऐकणारा.

नळी थांबली. थोडी मागे आली. परत थांबली.

"इथे," दादा म्हणाला. "केसाएवढा. आडवा आहे."

अगदी तिथेच होता. आडवाच होता, मला तेवढं नखानेही कळलं नव्हतं.

त्याच्या ओठाला, हनुवटीला काळं लागलं होतं. मी फडकं पुढे केलं. त्याने पुसलं, पण नीट नाही, कारण कुठे लागलंय ते त्याच्या हाताला समजत नव्हतं. मग मीच पुसलं. दारात वहिनी उभी होती. ती कधी आली कोण जाणे. ती वर निघून गेली.

संध्याकाळी दादाने नर्सबाईंना बोलावून घेतलं. मी सांगते म्हटलं तर म्हणाला, नको, तोंड माझं होतं, मीच बोलतो. त्या आल्या. दादाने काउंटरच्या मागे न जाता त्यांच्या समोर उभं राहून सांगितलं: फोर्क उघडलाच नव्हता, वरून पुसून दिला होता, आज सकाळी जे बोललो ते खोटं. हात बधिर झालेत हे मात्र त्याने सांगितलं नाही. मी मधे बोलणार होते, त्याने डोळ्यांनी गप्प केलं. कीव नको होती त्याला, त्या दिवशी तरी नको होती.

नर्सबाई पूर्ण ऐकून घेईपर्यंत हलल्या नाहीत. मग त्यांनी एकच विचारलं.

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?"

"नाही बाई," दादा म्हणाला. "तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

त्यांचे डोळे भरले. रागाने की सुटल्यामुळे, मला कळलं नाही. म्हणाल्या, मी तर सायकल विकायला काढली होती, मला वाटलं माझी आता हिंमत नाही. मग डोळे पुसले आणि कोरड्या आवाजात म्हणाल्या, फोर्क सुटा आहे तसा बांधून द्या, मी दुसरीकडे नेईन. मी तो धुवून, कोरडा करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिला. सायकलचा सांगाडा आणि चाकं मी बाहेर गाडीत ठेवली, फोर्क त्यांनी डाव्या हाताने कवटाळून नेला. दादा दार धरून उभा होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या परत आल्या नाहीत, आणि आमच्याकडे यावं असं मला तरी कुठल्या तोंडाने वाटणार.

पुढचे दिवस फार घाणेरडे गेले. हिवाळ्यापासूनचं प्रत्येक गिऱ्हाईक बोलावलं. काही बोलले, काही ओरडले. चिखल्याने तर अशा शिव्या दिल्या की मला त्याच्याविषयी पहिल्यांदाच आदर वाटला. माणसाला निदान स्वच्छ बोलता येत होतं. बरेच गेले, काही राहिले. जे राहिले त्यांचे फोर्क मी उघडते. वास परत आला आहे. केसांत, उशीत, सगळीकडे. बॅग अजून खाटेवरच आहे. मी दादाला माफ केलं असं कुणी समजू नये. त्या ट्रेची आठवण झाली की अजून जेवण उतरत नाही. पण फोर्क कुणीतरी उघडायला हवेत, आणि नळ्या कुणीतरी बघायला हव्यात.

त्या दादा बघतो. माझ्या शेजारी स्टुलावर बसतो, जिथे मी बसून शिकले तिथे. मी नख फिरवते, तरी त्याला देते. तो डोळे मिटतो, ओठावरून नळी सरकवतो आणि सांगतो. गिऱ्हाईक समोर असलं तर तो तोंड फिरवतो, म्हणून पडदा परत लावला आहे. त्याच्या ओठाखालची कातडी पहिल्या दिवसांतल्या तेलाने काळवंडली आहे, घासली तरी जात नाही. वहिनी रात्री मलम लावते.

आता देण्याआधी नळी मी पुसते. आधी कामाच्या फडक्याने, मग साबणाच्या पाण्याने, मग वहिनीने दिलेल्या पांढऱ्या फडक्याने. मग नाकाशी नेऊन वास घेते. येत नाही म्हटल्यावर त्याच्या हातात देते.